सदतिसावी पायरी

१

सातवी वही कोरी निघाली.

गणित मंडळाच्या वाचनालयातलं काचेचं कपाट ग्रंथपालांनी उघडलं, सचिवांनी माझ्या मावशीच्या सात निळ्या वह्या एकेक करून टेबलावर मांडल्या, तिन्ही परीक्षकांनी चष्मे पुसले, आणि शेवटची वही उघडली तर आत एक रेघ नाही. पहिलं पान कोरं, मधलं कोरं, शेवटचंही कोरं. सचिवांनी वही उलटी धरून झटकली, जणू काही आकडे खाली पडणार होते.

“बाई, ही काय थट्टा आहे?”

“मी एकशे ऐंशी पानं भरून दिली होती,” मावशी म्हणाली. “कपाट तुमचं, किल्ली तुमची. थट्टा कुणी केली ते तुम्हीच शोधा.”

माझी मावशी टेलिफोन ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिने लोकांचे नंबर जोडले. निवृत्त झाली तेव्हा इतर बायका तीर्थयात्रेला गेल्या, ही एका आकड्याच्या मागे लागली. आकडा साधा आहे. एक घ्या, एकसष्ट वेळा दुप्पट करा, त्यातून एक काढा. येतात एकोणीस अंक: २३०५८४३००९२१३६९३९५१. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही, असं कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या यंत्राने केव्हाच सांगितलं होतं. मावशी म्हणाली, “यंत्र म्हणतं म्हणून मी का मानू? मी स्वतः विचारीन त्या आकड्याला.”

विचारायची रीत अशी. चारपासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या एकोणीस अंकी संख्येने भागायचं, आणि जी बाकी राहील तिचा पुन्हा वर्ग. असं एकोणसाठ वेळा. एकोणसाठाव्या पायरीला बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर नाही. मधे कुठे एक अंक हुकला की पुढचं सगळं मातीत.

मंडळाने जाहीरच केलं होतं की हाताने ही पडताळणी जो पहिल्यांदा पुरी करील त्याचं नाव सभागृहातल्या दगडी फलकावर कोरायचं. यंत्राला हात लावायचा नाही, परीक्षकांनीसुद्धा नाही. वही भरली की लगेच मंडळात जमा करायची, आणि जमा केलेल्या कागदाला पुन्हा कुणी, अगदी लिहिणाऱ्यानेही, पेन लावायचं नाही. मावशीने चार वर्षं घातली. त्या चार वर्षांत तिचा डावा डोळा गेला आणि उजवा जायच्या वाटेवर आहे. हे सगळं दुसऱ्यांदा करणं तिला जमणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

सचिवांनी घसा खाकरला. “तसंही, आपले प्राध्यापक हीच पडताळणी पुरी करून गेल्या सोमवारी फाईल देऊन गेले आहेत. बाईंच्या वह्या अठ्ठावन्नाव्या पायरीवर थांबतात. चार दिवसांत आक्षेप आला नाही, तर फलकावर नाव प्राध्यापकांचं.”

२

मी छापखान्यात प्रूफं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा पोटाचा धंदा, आणि घरचे म्हणतात तो स्वभावही तसाच. मावशी घरी जाऊन दार लावून बसली. “मी त्या लोकांना खुलासे देणार नाही,” म्हणाली. मला राहवेना. मी रजा टाकली आणि मंडळात ठाण मांडलं.

आधी ग्रंथपाल. अंगाने वाळकुडे, हळू बोलणारे, शिक्क्याची डबी कायम हाताशी. त्यांनी नोंदवही माझ्यासमोर सरकवली. मावशीची सातवी वही गेल्या गुरुवारी जमा झालेली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘वही सातवी. पाने १८०. पायऱ्या ३७ ते ५९.’

“काका, इथे चूक आहे,” मी म्हणाले. “सहावी वही अठ्ठावन्नाव्या पायरीवर संपते. सातवीत फक्त एकोणसाठावी असणार. सदतीस कुठून आली?”

“ताई, बावीस वर्षं नोंदी करतोय. जे दिसलं ते लिहिलं.”

“सचिव म्हणतात, तुमची नोंदच भरवशाची नाही.”

“म्हणू देत. त्यांनी वही उघडूनही पाहिली नव्हती.” त्यांचा आवाज बारीक झाला. “दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, पण ते वाचनालयात पाऊल टाकत नाहीत. गुरुवारनंतर मी कपाट एकदाच उघडलं, शुक्रवारी. पहिल्या सहा वह्या प्राध्यापक आधीही वाचायला नेत असत; त्या दिवशी सातही मागितल्या. संध्याकाळी सात परत आल्या. मी मोजून घेतल्या.”

“उघडून?”

त्यांनी शिक्क्याची डबी उगाच उघडून मिटली. मंडळाच्या निळ्या वह्या मंडळाच्याच खिडकीवर मिळतात, कुणालाही. सात गेल्या, सात आल्या, आत काय आलं ते कोण बघतो?

सचिवांना त्यांच्या खोलीत गाठलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, म्हणून मी न विचारता बसले.

“पहा, टेलिफोन ऑपरेटरने चार वर्षं आकडेमोड केली, कौतुक आहे,” ते म्हणाले. “पण शेवटाला उत्तर आलं नसेल आणि लाजेने कोरी वही दिली असेल, तर आपण समजून घ्यायला हवं.”

“तुमचं समजून घेणं तुमच्यापाशीच ठेवा,” मी म्हणाले. “प्राध्यापकांची फाईल सुट्या कागदांवर कशी काय? वह्यांचा नियम त्यांना नाही?”

“ते सदस्य आहेत. सवलत असते.”

“दुसऱ्यांच्या वह्या त्यांना मिळतात, मग सोमवारी दिलेली स्वतःची फाईलही त्यांनी मधे परत मागितली होती का?”

सचिव चमकले. “शनिवारी मागितली होती, काही शुद्धलेखन पाहायचं म्हणून. मी नाही दिली. जमा कागदाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. तिथे सवलत नसते.”

माणूस अहंकारी होता, पण नियमाला पक्का. मी ते मनात टिपून ठेवलं.

प्राध्यापक मात्र गोडच. खुर्ची पुढे केली, मावशीच्या डोळ्याची चौकशी केली.

“तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय,” ते म्हणाले. “माझे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळतील. जुळणारच! गणित आहे हे. बरोबर उत्तर दोघांचंही सारखंच येणार. त्यावरून नक्कल सिद्ध होत नाही.”

“सातवी वही तुम्ही पाहिलीत शुक्रवारी?”

“चाळली. शेवटची पायरी होती, चार-पाच पानं. बाकी काही आठवत नाही.”

म्हणजे शुक्रवारी ती कोरी नव्हती! मी तसं म्हणताच त्यांचं हसू एका बाजूने ढिलं झालं.

“किंवा कोरीही असेल,” ते म्हणाले. “इतक्या वह्या हाताखालून जातात.”

बाहेर पडताना माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. चोर समोर बसून मला खुर्ची देत होता आणि माझ्या हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं.

३

आक्षेप घेणाऱ्याला फाईल पाहायला मिळते. मी दोन दिवस वाचनालयात बसले. डावीकडे मावशीच्या सहा वह्या, उजवीकडे प्राध्यापकांची फाईल, मधे पट्टी. छापखान्यात मूळ प्रत आणि प्रूफ ताडून पाहतो तसं एकेक ओळ, एकेक अंक ताडला.

मावशीची कामाची रीत तिच्यासारखीच. प्रत्येक पायरीखाली नवाचा ताळा. अंकांची बेरीज करायची, नऊ नऊ टाकून द्यायचे, जे उरेल ते दोन्हीकडे जुळलं की लाल टिंब. प्रत्येक पानावर लाल टिंब. प्राध्यापकांच्या फाईलमध्येही तसंच, फक्त टिंबाऐवजी खूण. परीक्षकांनीही नवाचाच ताळा घेऊन फाईल पास केली होती.

सगळं जुळलं. पहिल्या पायरीपासून अठ्ठावन्नाव्या पायरीपर्यंत एक अंक इकडचा तिकडे नाही. एकोणसाठाव्या पायरीला त्यांच्याकडे शून्य होतं, मावशीकडे काही नव्हतं.

एरवी प्रूफात चूक सापडली नाही की मी खूश होऊन चहा मागवते. त्या दिवशी मात्र टेबलावर डोकं टेकलं आणि रडले, खोटं कशाला सांगू? उद्या मुदत संपत होती. माणूस खरा असला तर आकडे जुळणार, खोटा असला तरी जुळणार. मग पकडायचं तरी कसं?

संध्याकाळी मावशीकडे गेले. ती भिंग घेऊन डाळ निवडत होती. मी सगळी हकिकत सांगितली, आणि तिला जरा हसवावं म्हणून म्हटलं, “आणि ते तुझे ग्रंथपाल! एकोणसाठऐवजी ‘३७ ते ५९’ लिहून बसलेत.”

मावशीने भिंग खाली ठेवलं.

“ग्रंथपालांनी बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली.

४

मग तिने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या वर्षी एकोणसाठावी पायरी आली तेव्हा बाकी शून्य नव्हती. अठरा अंकांचा एक भलताच आकडा होता. “मी दोन दिवस जेवले नाही. तुला वाटलं असेल तब्येत बरी नाही.” मग तिने उलटं शोधायला सुरुवात केली. कच्चं काम घरच्या कागदांवर होतं, त्यावरून एकेक पायरी मागे गेली. तीन आठवड्यांनी सापडलं. छत्तिसाव्या पायरीची बाकी सदतिसाव्या पायरीच्या पानावर उतरवताना मधले दोन अंक उलटे पडले होते. ‘८३’चे ‘३८’.

“पण ताळा? ताळा घेतला होतास ना तू?”

“घेतला. जुळला. आठ आणि तीन अकरा, तीन आणि आठही अकरा. दोन अंकांनी जागा बदलल्या तर बेरीज तीच राहते गं. नवाच्या ताळ्याला ती चूक कधीच दिसत नाही. इतकी वर्षं नंबर लावले मी, एकदाही उलटे अंक लावले नाहीत, आणि इथे!” तिने कपाळावर हात मारून घेतला. “मग सदतीसपासून पुन्हा केलं सगळं. तेवीस पायऱ्या. ती सातवी वही. ती दिली त्याच दिवशी कच्चे कागद बंबात घातले.”

“हे त्या दिवशीच का नाही बोललीस?”

“कशाला? माझ्याकडून चूक झाली हो, मला सांभाळून घ्या, असं म्हणायला? वहीत लिहिलंच होतं ते. वाचणाऱ्याला कळलं असतं.”

“आणि चौथ्या वहीतली ती चूक? ती खोडलीस?”

“दिलेल्या वहीला हात लावायचा नाही. आहे तिथेच.”

मी ताडकन उठले. डाळीचं ताट सांडलं.

मी मूर्ख, मी महामूर्ख! दोन दिवस मी मावशीची वही आणि त्याची फाईल ताडत होते. प्रूफ मूळ प्रतीशी जुळतं का एवढंच आम्ही बघतो. मूळ प्रतच चुकली असेल तर प्रूफ निर्मळ निघतं. एकाच वहीतली छत्तिसावी पायरी सदतिसावीशी जुळते का, हे मी पाहिलंच नव्हतं. आणि त्याची फाईल तर मावशीच्या वहीशी शेवटपर्यंत जुळत होती. सदतिसाव्या पायरीवरसुद्धा!

“मावशी,” मी म्हणाले, “उद्या तू माझ्याबरोबर येणार आहेस. आणि तुझी चूक मी चारचौघांत मोठ्याने सांगणार आहे.”

तिने सांडलेली डाळ मुठीने ताटात भरली. “माझी मीच सांगीन,” ती म्हणाली.

५

सभागृहात फळा होता. तिन्ही परीक्षक पुढच्या रांगेत, सचिव टेबलामागे, ग्रंथपाल दाराशी. प्राध्यापक नवा कोट घालून आले होते.

मी विचारलं, “सर, फाईलमधली प्रत्येक पायरी तुम्ही स्वतः केलीत?”

“अर्थातच.”

“बाईंच्या वह्यांवरून एकही ओळ घेतली नाही?”

“आकडे जुळतात म्हणून विचारताय. मी सांगितलं होतं तुम्हाला, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं.”

“असतं ना,” मी म्हणाले. “पण चूक ज्याची त्याची असते.”

मावशी उठली. भिंत धरून फळ्यापाशी गेली आणि सरळ म्हणाली, “चौथ्या वहीत, सदतिसाव्या पायरीला, मी चुकले आहे. आदल्या बाकीतले ‘८३’ मी ‘३८’ उतरवले. तिथून सहाव्या वहीच्या शेवटापर्यंत सगळं चुकीचं आहे.”

परीक्षकांनी चौथी वही उघडली. छत्तिसाव्या पायरीच्या शेवटच्या ओळीत ‘८३’. पान उलटलं, ‘३८’. मग फाईल उघडली. ‘८३’. पान उलटलं. थोरल्या परीक्षकांनी ते पान नाकाशी नेलं आणि शेजाऱ्याला दिलं.

प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण माणूस वस्ताद. “अंक उलटे पडणं ही अगदी नेहमीची चूक आहे. योगायोग म्हणायचा.”

“हजारो अंकांतले तेच दोन, त्याच पानावर? बरं, योगायोग,” मी म्हणाले. “मग मला एवढंच सांगा, बाई या चुकीच्या वाटेने गेल्या तेव्हा त्यांना शेवटी शून्य मिळालं नाही. तुम्ही त्याच चुकीच्या वाटेने गेलात, तुम्हाला शून्य कुठे सापडलं?”

मी फाईलचं शेवटचं पान वर धरलं.

“शून्य येणार हे यंत्रामुळे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही अठ्ठावन्न पायऱ्या उतरवल्या, शेवटी शून्य लिहून टाकलं आणि सोमवारी फाईल दिली. गुरुवारी सातवी वही आली. शुक्रवारी ती उघडलीत आणि तुम्हाला पहिल्यांदा कळलं की आपण चूक चोरली आहे. शनिवारी फाईल परत मागितलीत, ती मिळाली नाही. पण त्याआधीच वही गेली होती, कारण ती राहिली असती तर तुम्ही राहिला नसता. खिडकीवरून कोरी वही घेतलीत, खरी पिशवीत टाकलीत. ग्रंथपालांना सातव्या वहीत काय आहे ते माहीत होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. त्यांना लपवायचं असतं तर नोंद अशी केलीच नसती. सचिवांनी ती उघडलीच नव्हती. उरलं कोण?”

“हे सगळे तर्क आहेत!” प्राध्यापक ओरडले.

“मग फळ्यावर या,” मावशी म्हणाली. तिने खडू पुढे केला. “तुमच्या अठ्ठावन्नाव्या बाकीचा वर्ग करा, दोन वजा करा, भाग द्या. शून्य आलं तर मी पाया पडून घरी जाईन.”

त्यांनी खडू घेतला नाही. थोरले परीक्षक उठले आणि त्यांनी तो घेतला. पाऊण तास तिघं परीक्षक आळीपाळीने गुणत, भागत राहिले. सभागृहात फक्त खडूचा आवाज होता. फाईलमधल्या भागाकारात एक अंक बदललेला निघाला, नवाचा ताळा जुळावा एवढ्यापुरता. खाली बाकी उरली अठरा अंकांची.

“शून्य नाही,” थोरले परीक्षक म्हणाले.

प्राध्यापक आपली टोपी विसरून निघून गेले. सातव्या वहीचं काय केलं हे विचारलं तर दारातून एवढंच म्हणाले, “नाही आता ती.” मावशीचा चेहरा क्षणभर पडला. मी पाहिला.

मग तिने फळ्याचा कोपरा पदराने पुसला. “माझी खरी अठ्ठावन्नावी बाकी मला पाठ आहे. सगळ्या बाक्या अठरा-एकोणीस अंकी येत होत्या, आणि शेवटून दुसरी अचानक दहाच अंकी आली. टेलिफोन नंबर विसरत नाही मी.”

तिने लिहिलं: २१४७४८३६४८.

“एक घेऊन एकतीस वेळा दुप्पट करा, हाच येतो. आपल्या संख्येच्याच घरातला आहे. आता याचा वर्ग करा.”

धाकट्या परीक्षकांनी केला: ४६११६८६०१८४२७३८७९०४. दोन वजा केले: शेवटी ९०२. मावशी म्हणाली, “अर्धं करा.” त्यांनी अर्धं केलं, आणि फळ्यावर एकेक अंक उतरू लागला: २३०५८४३००९२१३६९३९५१. तीच संख्या. बरोबर दुप्पट, बाकी काही नाही.

थोरले परीक्षक चक्क टाळ्या वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही.

सचिव उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ होता. “बाई, नियमाप्रमाणे सातवी वही लागते. पण झाला प्रकार पाहता, मंडळ तुम्हाला सवलत देईल. नाव उद्याच कोरायला देतो.”

“सवलत त्यांनी घेतली होती,” मावशी म्हणाली. “मला नको.”

“अगं मावशी, डोळे!” मी तिचा दंड धरला.

“एक आहे अजून. तेवीस पायऱ्यांना वर्ष लागेल. तेवढा तो टिकेल, नाही टिकला तर भिंग मोठं घेऊ. फलकावर नाव लागलं आणि कुणी म्हणालं की वही कुठेय, तर मी काय दाखवू? चोराने दिलेली कोरी वही?”

ती टेबलापाशी गेली आणि तीच कोरी निळी वही उचलून काखेत मारली. मग दाराशी उभ्या असलेल्या ग्रंथपालांकडे वळली.

“नोंद करून ठेवा. वही सातवी.”

ग्रंथपालांनी लगबगीने नोंदवही उघडली. “पायऱ्या कुठून कुठपर्यंत लिहू?”

“सदतीस ते एकोणसाठ,” मावशी म्हणाली. “आणि या वेळी शिक्का प्रत्येक पानावर मारायचा.”